कॅनमधलं जुनं पेट्रोल

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून एका कापूस उत्पादक वाचकाने विचारलं आहे: गेल्या हंगामात फवारणी पंपासाठी आणलेलं पेट्रोल कॅनमध्ये उरलं आणि उन्हाळाभर टिनाच्या शेडमध्ये पडून राहिलं. यंदाच्या कपाशीला ते चालेल का? की इथेनॉलमुळे त्याचं एव्हाना पाणी झालं असेल? गावात म्हणे सगळे हेच सांगतात.

पाणी झालं नसावं. पेट्रोल मात्र बिघडलं असणार आणि त्याचा दोष इथेनॉलपेक्षा हवेतल्या ऑक्सिजनकडे आणि यवतमाळच्या मे महिन्याकडे जातो.

पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण. त्यातले ब्युटेन, पेंटेन असे हलके घटक झाकण जरा सैल राहिलं की निसटतात. मग पंपाची दोरी ओढून ओढून हात भरून येतात, इंजिन काही पेट घेत नाही. मागे उरलेल्यांत ऑलिफिन असतात, दुहेरी बंधांचे. त्यांचं काय होतं हे विदर्भात जवसाचं तेल वापरणाऱ्यांना ठाऊकच आहे. ते तेल डब्यात राहिलं तर खवट होतं आणि लाकडी दारावर त्याचा हात फिरवला तर सुकून कडक पापुद्रा धरतं. सुकतं म्हणजे उडून जात नाही. ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. पेट्रोलमध्येही सावकाश हेच घडतं आणि तपकिरी, चिकट गम तयार होतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक मिलिमीटरहून बारीक असतं, ते बुजायला किंचितसा गमही पुरतो. त्यात जेट पितळेचं, आणि तांब्याच्या सहवासात ही अभिक्रिया आणखी वेग घेते. म्हणून कॅनमधल्या साठ्याच्या आधी कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं घोटभर पेट्रोलच बिघडतं.

हा गम आवरायची युक्ती सापडली ती युद्धामुळे. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी तोफगोळ्यांत अ‍ॅक्रोलिन भरायचं ठरवलं. तळणीचं तेल जळलं की डोळ्यांना झोंबतो तोच हा पदार्थ. पण साठवणीत त्याचा पांढरा, निरुपद्रवी राळेसारखा गोळा होऊन बसे. शार्ल मुरो आणि शार्ल द्युफ्रेस यांच्याकडे हे काम आलं. त्यांना दिसलं की छायाचित्रं धुण्यासाठी वापरतात ते हायड्रोक्विनोन अगदी लेशमात्र टाकलं तरी अ‍ॅक्रोलिन टिकतं, आणि खरा गुन्हेगार ऑक्सिजन आहे. अँटिऑक्सिडंटची कल्पना अशी विषारी वायूच्या कोठारातून आली. (आज तीच सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांवर मिरवते, ते सोडा.)

एव्हाना अमेरिकेत जड तेलाचे रेणू उष्णतेने फोडून पेट्रोल काढलं जाऊ लागलं होतं. विल्यम बर्टन यांची ही पद्धत १९१३ पासून कारखान्यात चालली. तिच्यातून पेट्रोल भरपूर मिळे, पण ऑलिफिनही भरपूर, म्हणजे गमही. हे पेट्रोल साठवण्याजोगं झालं ते अँटिऑक्सिडंटमुळे. पेट्रोलच्या इतिहासात शिसं मिसळणाऱ्या मिजलींचं नाव सर्वांना माहीत, मुरो-द्युफ्रेस कुणालाच नाहीत. मला हा अन्याय वाटतो.

आज भारतीय मानकानुसार पेट्रोलला १०० अंश सेल्सियसला, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये किमान ३६० मिनिटं तग धरावा लागतो. पण अँटिऑक्सिडंट स्वतः खर्ची पडत राहतं. ते संपलं की गम धरू लागतो, आणि धरलेला गम नंतर बाटलीभर ‘स्टॅबिलायझर’ ओतून परत पेट्रोल होत नाही. बीपी कंपनीने ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकांना सांगितलं होतं की, एकदा उघडलेल्या कॅनमधलं पेट्रोल २० अंशाला सहा महिने टिकतं, ३० अंशाला तीनच. दहा अंशांमागे आयुष्य निम्मं. आता टिनाच्या शेडमधल्या मे महिन्याचा हिशेब तुम्हीच करा.

राहिलं इथेनॉल. महाराष्ट्राला हे मिश्रण नवं नाही. २००१ च्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांपैकी दोन मिरज आणि मनमाडला होते. २०२५ मध्ये प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं आणि ‘हवेतलं पाणी पिऊन पेट्रोल आठवड्यात फुटतं’ ही अफवा पसरली. करून पाहू हिशेब. कॅनमध्ये पाच लिटर पेट्रोल आणि वर पाच लिटर हवा. पावसाळ्यात ३० अंशाच्या दमट हवेत घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प, म्हणजे पाच लिटरमध्ये ०.१५ ग्रॅम. दिवस-रात्रीच्या पंधरा अंशांच्या फरकाने झाकणाच्या फटीतून यातली जेमतेम पाच टक्के हवा आत-बाहेर होते. मिश्रण फुटायला, म्हणजे पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं व्हायला, लिटरमागे निदान पाच ग्रॅम पाणी लागतं, म्हणजे एकूण २५ ग्रॅम. या गतीने नऊ वर्षं जातील! उघड्या झाकणातून पावसाचे थेंब पडले तर मात्र पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि इंजिन तळातूनच पितं. जुन्या पंपांच्या रबरी नळ्याही इथेनॉलने फुगतात, ती तक्रार खरी आहे.

ट्रॅक्टरच्या डिझेलचं दुखणं निराळं. टाकीच्या तळाशी पाणी साचलं की डिझेल आणि पाण्याच्या सीमेवर बुरशी वाढते आणि तिचा काळपट लगदा फिल्टर बुजवतो. मुख्य इलाज म्हणजे तळाचं पाणी काढत राहणं.

तेव्हा लोहाऱ्याच्या वाचकांनी ते पेट्रोल पंपात घालू नये. रंग गडद झाला असेल, वास व्हार्निशसारखा येत असेल, तर कशातही मिसळू नका. चूल पेटवायला वापरू नका, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका. गॅरेजवाला जळकं ऑईल जिथे देतो तिथे द्या. यंदा फवारणी संपली की टाकी रिकामी करा आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होईल. पेट्रोल हंगामापुरतंच आणा.