गुदमरलेलं आतडं

समुद्रसपाटीला हवेतल्या ऑक्सिजनचा दाब साधारण 160 मिलिमीटर पारा असतो. फुप्फुसांत तो 100च्या आसपास उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या पोकळीत जवळजवळ शून्यावर येतो. या पोकळीला चिकटलेल्या अस्तरपेशींना कायमच ऑक्सिजनची टंचाई असते. मेंदूत किंवा हृदयात असं आढळलं तर डॉक्टरांची धावपळ उडेल. इथे मात्र ती निरोगीपणाची खूण!

गंमत म्हणजे, ही टंचाई पेशी बरीचशी स्वतःच ओढवून घेतात. भाज्या-कडधान्यांतला चोथा जीवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट तयार होतं. हे पेशींचं आवडतं इंधन. ते जाळताना त्या इतका ऑक्सिजन फस्त करतात, की पोकळीत झिरपायला फारसा उरतच नाही. ऑक्सिजन न सोसणाऱ्या त्या जीवाणूंना हवं असतं तेही हेच.

पेशींत 'हिफ' नावाचं प्रथिन सतत बनतं आणि लगेच मोडलं जातं. मोडण्यासाठी त्यावर खूण करणाऱ्या एन्झाइमना ऑक्सिजन लागतो, म्हणून तो घटला की हिफ टिकून राहतं आणि अस्तराची तटबंदी पक्की करणारी जनुकं जागी करतं. पेशींना ऑक्सिजनची चाहूल लागते कशी, या शोधाला 2019चं नोबेल मिळालं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारांत ही टंचाई हाताबाहेर जाते. सुजेच्या जागी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची झुंबड उडते. जंतू मारण्यासाठी त्या भसाभस ऑक्सिजन जाळतात. मग हे जाळणं थांबवलं तर आतडं सावरेल? उलटंच घडतं. ज्या उंदरांच्या न्यूट्रोफिलना ते जमत नाही, त्यांचा कोलायटिस जास्त चिघळतो. हाच जन्मजात दोष असलेल्या अनेक माणसांनाही क्रोन्ससारखा आजार जडतो. म्हणजे त्या आगीतून उठणारी टंचाईच दुरुस्तीची हाक देते. अर्थात हिफचंच एक भावंड, हिफ-2, उंदरांत सूज वाढवतानाही दिसलं आहे. टंचाई किती, यासोबत कुठल्या पेशीत आणि किती काळ, हेही पाहावं लागतं.

त्यामुळे उपचारांचे प्रयोगही परस्परविरोधी वाटतात. तीव्र कोलायटिसच्या रुग्णांना उच्चदाबाच्या कक्षात जादा ऑक्सिजन देऊन पाहिला गेला, तेव्हा काही छोट्या चाचण्यांतले निकाल आशादायक होते. दुसरीकडे, हिफ टिकवून पेशींना 'ऑक्सिजन कमी आहे' असं भासवणारी औषधं. त्यांतल्या एकाची चाचणी 2022 मध्ये गुण दिसेना म्हणून थांबवावी लागली.