सुकाणूवर जोर किती येतो?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा कोकणातल्या नाटे-साखरीनाट्याच्या किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांचं सुकाणू नीट बघता येतं: एक पातं आणि वर जाणारा दांडा. पातं वळलं की पाणी त्यावर जोर लावतं आणि तो दांड्याला पेलावा लागतो.

मोठ्या जहाजाचा आराखडा कागदावर असतानाच हा जोर काढतात. जहाजबांधणीचे नियम ठरवणाऱ्या वर्गीकरण संस्थांच्या नियमातलं सूत्र सोपं आहे: १३२ गुणिले पात्याचं चौरस मीटरमधलं क्षेत्रफळ, गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग. शिवाय पात्याची उंची-रुंदी, आकार आणि पंख्याच्या प्रवाहातली जागा यांचे गुणक असतात. ते १ धरले, तर १० नॉटला एका चौरस मीटरवर १३,२०० न्यूटन, म्हणजे सुमारे १,३५० किलो वजनाइतका जोर. २० नॉटला तो चौपट!

दांड्याला पीळ किती बसेल, हे जोराचा मध्य दांड्यापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. म्हणून तो मध्य दांड्याजवळ यावा यासाठी पात्याचा थोडा भाग दांड्याच्या पुढे ठेवतात. जहाज मागे जाताना मात्र हा हिशेब बदलतो, तो वेगळा करावाच लागतो.

वेग वाढला की सुकाणूवरचा जोरही वाढतो. म्हणून होडीला जास्त ताकदीचं इंजिन बसवणार असाल, तर आधी सुकाणूचा दांडा जाणकाराकडून तपासून घ्या.