वासरांचें पोट आणि पुरवणी खाद्य

खोपोलीपासून कर्जतपर्यंतच्या भातपट्ट्यांत गाय किंवा म्हैस व्याली म्हणजे घरांत खरवसाची तयारी सुरू होते; परंतु ज्या जिवासाठीं निसर्गानें तो चीक निर्माण केला त्यास मात्र वार पडेपर्यंत दूर बांधून ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं अजून आढळते. पुढें तेंच वासरूं हगूं लागलें म्हणजे मालक शक्तिवर्धक चूर्णाचा डबा विकत आणतो. हा क्रम उलटा आहे.

मोठ्या गुराच्या चार पोटांपैकीं पहिलें, म्हणजे कोठीपोट, सर्वांत मोठें असतें. नवजात वासरांत तें निव्वळ लहानशी पिशवी असून सारें पचन चौथ्या पोटांत चालतें. चोखलेलें दूध अन्ननलिकेच्या टोकाशीं असलेल्या पन्हळींतून थेट तेथेंच उतरतें. म्हणून पहिल्या आठवड्यांत पेंड किंवा चूर्ण भरविणें व्यर्थ होय.

चिकाची गोष्ट निराळी. गाईच्या उदरांत गर्भास रोगप्रतिकारक द्रव्यें मिळत नाहींत. तीं चिकांतूनच मिळतात, आणि तीं शोषून घेण्याचें आंतड्याचें सामर्थ्य तासागणिक घटत जाऊन २४ तासांत जवळ जवळ संपतें. यासाठीं पहिला चीक दोन तासांच्या आंत, व पहिल्या दिवसांत एकंदर वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका पाजावा. २० किलोच्या वासरास सुमारें २ लिटर. खरवस उरल्या चिकाचा करावा.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा तोंडापुढें ठेवावा. दाणा कोठीपोटांत आंबून जीं आम्लें उत्पन्न होतात त्यांनींच त्या पोटाच्या आंतील अंगावर अन्नरस शोषणारे अंकुर वाढतात. नुसत्या दुधानें ते वाढत नाहींत. खरें पुरवणी खाद्य तें हेंच. भरडलेला मका ५० भाग, शेंगदाण्याची पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ व मीठ १ हें प्रमाण चांगलें. स्वच्छ पाणी सदैव हवें. आमच्याकडील पावसाळ्यांत पेंडीस बुरशी लवकर धरते. त्या बुरशीचें विष यकृतास घातक असून तें शिजवूनहि जात नाहीं. तेव्हां सबंध पावसाळ्याची पेंड एकदम भरण्याची काटकसर महागांत पडते.

भाताच्या पेंढ्यांत प्रथिन शेंकडा ३-४ च असतें. शिवाय त्यांतील ऑक्झलेट चुन्यास बांधून ठेवितें, आणि वाढत्या हाडांस तर चुनाच हवा. म्हणून या भागांत खनिज मिश्रण ही चैन नव्हे. युरियानें प्रक्रिया केलेला पेंढा मात्र सहा महिन्यांखालील वासरांस देऊं नये.

रेडकांच्या हगवणीचें एक मोठें कारण खाद्य नसून जंत हें होय. गोलकृमीच्या अळ्या म्हशीच्या दुधांतूनच उतरतात; त्यामुळें गवतास तोंड न लावलेलें रेडकूंहि पोटाळ दिसतें व मातकट, दुर्गंधीयुक्त हगतें. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पशुवैद्याकडून वजनाप्रमाणें जंतनाशक पाजून घ्यावें.

हगवण लागतांच दूध तोडण्याची रीतहि चुकीची. वासरूं दगावतें तें बहुधा अंगांतील पाणी व क्षार गेल्यामुळें. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यांत ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम व खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम घालून तें दुधाच्या मधल्या वेळांत थोडें थोडें पाजावें. डोळे खोल गेले, वासरूं उभें राहीनासें झालें किंवा शेणांत रक्त दिसलें, तर घरगुती उपाय पुढें न चालवितां त्याच दिवशीं पशुवैद्यास आणावें.