दरबारीचा गंधार किती सेंटवर असतो?

माझी पीएचडी फिजिक्समधली आहे, पण गेली दोन वर्षं माझा निम्मा आठवडा विद्यापीठाच्या संगीत विभागात जातो. घरी आई दर सुट्टीत विचारते, "तुझं नेमकं चाललंय तरी काय?" तर हे तिच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही.

माझं काम थोडक्यात असं. गाण्याचं रेकॉर्डिंग घ्यायचं, आवाजाची वारंवारता क्षणाक्षणाला मोजायची आणि प्रत्येक स्वर 'सा'पासून किती अंतरावर लागला ते काढायचं. हे अंतर 'सेंट' या एककात मोजतात. एका सप्तकात १२०० सेंट. आजच्या बहुतेक पेट्यांवर लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंटचं अंतर असतं. म्हणजे पेटीचा कोमल गंधार ३०० वर आणि शुद्ध गंधार ४०० वर.

गेल्या वर्षी मी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. विद्यार्थ्यानं गायचं, सॉफ्टवेअरनं स्वरांना गुण द्यायचे. अंतर्गत परीक्षेच्या वीस गुणांसाठी ते वापरावं, असं जवळजवळ ठरलंच होतं. माणसाची मर्जी नको, सगळ्यांना एकच फूटपट्टी. मलाही ते फार न्याय्य वाटत होतं.

चाचणीला एम.ए.चे नऊ जण बसले. राग दरबारी कानडा. सगळ्यात कमी गुण मिळाले ते घरात तीन पिढ्यांचं भजन असलेल्या एका मुलाला. सगळ्यात जास्त मिळाले पेटीवर रियाज करणाऱ्या मुलीला. निकाल बघून तो मुलगा काही बोलला नाही, वही उचलून निघून गेला. विभागातल्या सरांनी दोन्ही रेकॉर्डिंगं ऐकली आणि मला म्हणाले, "अगं, दरबारी तर याच्याच गंधारात आहे."

मग मी ग्राफ नीट पाहिला. दरबारीचा गंधार हा नेहमीच्या कोमल गंधारापेक्षाही उतरलेला, अतिकोमल मानतात आणि तो आंदोलित असतो, म्हणजे संथपणे झुलत राहतो. त्या मुलाच्या ग्राफवर आडवी रेघ नव्हतीच, लाट होती. माझ्या सॉफ्टवेअरनं त्या लाटेची सरासरी काढली, ती ३०० शी ताडून पाहिली आणि त्याला बेसूर ठरवलं. मोजमाप बरोबर होतं, प्रश्नच चुकीचा विचारला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग स्वरांचे बरोबर आकडे घाल ना! हा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वी आपल्याच भागात झालाय. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मदतीनं स्वर मोजले आणि १९१० मध्ये २२ श्रुतींवर पुस्तक काढलं. पुढे १९६३ मध्ये जयराझभॉय आणि स्टोन या अभ्यासकांनी रेकॉर्डिंगांवरून मोजमापं केली. त्यांना दिसलं की एकच स्वर कलाकारागणिक बदलतो, इतकंच नाही तर एकाच कलाकाराच्या एकाच सादरीकरणातही तो हलतो. 'एक स्वर, एक आकडा' हे गणित काही जमत नाही.

फिजिक्सला यातलं काहीच सांगता येत नाही असं मात्र नाही. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो त्या तारेचा पाचवा स्वरांश. मूळ वारंवारतेच्या पाचपट. सप्तकात आणून मोजला तर तो ३८६ सेंटवर येतो, पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा १४ नं कमी. जवारी नीट लागली असेल तर असे वरचे स्वरांश ठळक होतात. हा गंधार निसर्गानंच दिलाय.

पण दरबारीचा गंधार खर्जाच्या तारेत असा आयता सापडत नाही. तो गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या कानात येतो. कुठून यायचं, किती झुलायचं, कुठे थांबायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी मिळून ठरवलंय. संगीताचा 'सांस्कृतिक अर्थ' म्हणतात तो मला त्या ग्राफवर पहिल्यांदा दिसला.

मग हे विद्यापीठात शिकवायचं कसं? कागदाला नावं ठेवणं सोपं आहे. भातखंड्यांच्या स्वरलिपीत कोमल गंधार म्हणजे 'ग' आणि खाली एक आडवी रेघ. त्या रेघेत आंदोलन मावत नाही. पण पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९२६ मध्ये भातखंड्यांच्या प्रयत्नांतून लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झालं, म्हणून घराण्यात न जन्मलेल्यांनाही गाण्याची दारं उघडली. लिपी, अभ्यासक्रम, परीक्षा नसत्या तर तो भजनी घरातला मुलगा एम.ए.ला आलाच नसता. आणि त्याच परीक्षेत मी त्याला नापास करायला निघाले होते.

आम्ही गुण काढून टाकले. आता सॉफ्टवेअर फक्त रेषा दाखवतं. पडद्यावर सरांची रेषा, शेजारी विद्यार्थ्याची. मग वर्गात चर्चा होते की लाट कुठे वेगळी पडली आणि ती का खटकते किंवा का आवडते. माझ्या थिसिसमधलं एक अख्खं प्रकरण यात गेलं. गाईडना ते पटवायला दोन महिने लागले.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. ते वीस गुण आता पुन्हा सरांच्या कानावर आहेत. सरांचा कान माझ्या सॉफ्टवेअरपेक्षा कितीतरी शहाणा आहे, पण उद्या कुणाला गुण कमी पडले तर त्यानं दाद कशाच्या आधारावर मागायची? मागच्या आठवड्यात हा प्रश्न वर्गात विचारला त्याच मुलानं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "मॅडम, माझी जुनी रेषा जपून ठेवलीय ना?"

ठेवलीय. नवं प्रकरण तिथूनच सुरू होतंय.