वाट्याचा भाव
(परसातला जोडधंदा : लेखांक ९)

"किलोला काय लावलंस?" हा प्रश्न दरवर्षी डिसेंबरात मला निदान वीस जण विचारतात. विचारणाऱ्याला वाटतं प्रश्न सोपा आहे. पण कशाच्या किलोला? चार पायांवर उभ्या असलेल्या डुकराच्या, साफ करून टांगलेल्या धडाच्या, की पिशवीत भरलेल्या मटणाच्या? तिन्ही किलो वेगळे. पहिल्या वर्षी मी जिवंत वजनावरचा खर्च काढला, त्यात थोडा नफा मिळवला आणि तोच भाव मित्रांना सांगून बसलो. त्या वर्षी डुकरांनी पोटभर खाल्लं, मित्रांनी पोटभर खाल्लं आणि मी हात चोळत बसलो.

मागच्या लेखात आपण कोंडा, कणी आणि पेंडीचा हिशेब केला. आता त्या हिशेबाची वही पुढे उघडू. सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात मी दर जूनला दोन संकरित पिल्लं आणतो. आणताना ती दोन महिन्यांची, बारा किलोच्या आसपास असतात. नाताळापर्यंत म्हणजे साधारण १९० दिवसांत ती ९५ किलोपर्यंत जातात. एका डुकराचा गेल्या वर्षीचा खर्च असा : पिल्लू ४,००० रुपये, खाद्य २९० किलो, सरासरी २८ रुपयांनी ८,१२०, जंतनाशक आणि लस ४००, वीज, चुना, फिनेल असलं किरकोळ ६००, कापणाऱ्याची मजुरी १,५००, बर्फ आणि पिशव्या ३५०. बेरीज १४,९७० रुपये.

आता हीच रक्कम भागत जाऊ. ९५ किलोंनी भागली तर किलोला १५८ रुपये पडतात. डुकराची कातडी आपण सोलत नाही, गरम पाणी ओतून केस खरवडतो. त्यामुळे बोकडापेक्षा डुकरात घट कमी येते. तरी रक्त, आतडी, केस आणि खूर गेल्यावर टांगलेलं धड ६९ किलो भरतं. म्हणजे खर्च झाला २१७. त्यातलं डोकं सहा किलो, पाय दोन किलो, आणि तोडताना-गाळताना दीड किलो वजा केलं की पिशवीत जायला साडेएकोणसाठ किलो राहतं. खर्च २५२. डुक्कर तेच, खर्च तोच, भाव मात्र १५८ चा २५२ झाला, आणि अजून माझ्या घामाचा एक पैसाही त्यात धरलेला नाही.

तो धरायचा की नाही, यावर आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. रोज अर्धा तास एका डुकरामागे, म्हणजे ९५ तास. तासाला फक्त ६० रुपये लावले तरी ५,७०० होतात. घरचे म्हणतात, "तू काय स्वतःलाच पगार देणार?" माझं म्हणणं, हो. ज्या धंद्यात मालकाची मजुरी शून्य धरली जाते, तो आज ना उद्या मालकाच्या कंबरदुखीपाशी येऊन थांबतो. मजुरीसह खर्च २०,६७० होतो आणि पिशवीतला किलो ३४७ रुपयांना पडतो. मी भाव लावला ३८०.

हा भाव बाजारातल्या दुकानापेक्षा कमी असावा असं गिऱ्हाइकाला वाटतं, कारण "घरचं" आहे. घरचं म्हणजे स्वस्त, हा आपल्याकडचा जुना समज. खरं तर घरचं महागच पडायला हवं. दोनच डुकरं पाळणाऱ्याला कणी पोत्यावर मिळते, टनावर नाही.

पण माझी खरी अडचण भावाची नव्हतीच. सगळ्यांना मांडी हवी असायची. मांडीचे लाल तुकडे, "चरबी नको हां." मग पोटाचं, बरगड्यांचं, मानेचं काय करायचं? एका डुकराला मागच्या मांड्या दोनच. पहिल्या वर्षी मांड्या पहिल्या तासात संपल्या आणि उरलेलं पंचवीस किलो संध्याकाळपर्यंत बर्फावर माझ्याकडे बघत होतं. शेवटी अर्ध्या भावात गेलं. तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तू दुकान कशाक मांडतस? वाटे घाल."

वाटे! गावात बोकड कापला की शतकानुशतकं जे चालत आलंय, ते मला शहरातून परतल्यावर आठवलंच नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे किलोवर विक्री नाही. पाच किलोचा एक वाटा, १,९०० रुपये. प्रत्येक वाट्यात मांडीचं, खांद्याचं, पोटाचं, बरगडीचं थोडं थोडं, आणि चरबी सगळ्यांना सारखी.

ते कसं चालतं ते सांगतो. पहाटे चारला कापणारा येतो, कारण आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा नऊ वाजल्यानंतरची हवा मटणाला मानवत नाही. उजाडेपर्यंत धड टांगून निथळलेलं असतं. मग पडवीत केळीची पानं अंथरायची, दोन रांगांत दहा. तोडणारा एकेक भाग घेतो आणि त्याचे दहा तुकडे दहा पानांवर टाकत जातो. आधी मांडी, मग खांदा, मग पोट, शेवटी हाडं. प्रत्येक फेरीनंतर एखादा ढीग उजवा दिसतो, एखादा डावा. मग एकातलं बोटभर काढून दुसऱ्यात टाकायचं. शेवटी काटा आणून सगळे ढीग पाच किलोला आणायचे. त्यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडतो. एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्याने ढिगावर बोट ठेवून विचारायचं, "ह्यो कोणाचो?" पाठमोरा माणूस यादीतलं एक नाव घेतो. ज्याचं नाव, त्याचा ढीग. मित्र असो, शेजारी असो, शाळेतले हेडमास्तर असोत, तक्रारीला जागाच उरत नाही. "मला वाईट दिलंस" असं भिंतीला कोण सांगणार?

मित्रांना सवलत द्यावी का, हा पुढचा प्रश्न. द्यावी, पण भावात कधीही नाही. एकाला ३५० लावले की ते दुपारपर्यंत तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर पोहोचतं, आणि ३८० देणारे दहा जण फसल्यासारखे वागायला लागतात. आपल्याकडे त्यासाठी चांगली सोय आहे : वर घालणं. मासेवाली घालते तसं. काटा पाचवर थांबला की त्यावर एक बरगडी, चरबीचा एक तुकडा, कधी कलेजीचा काप. ज्याने जूनमध्ये पिल्लं उतरवायला हात लावला त्याला जास्त, ज्याने नुसता फोन केला त्याला नावापुरतं. वर घातलेलं वहीत लिहीत नाही आणि ते कोणी मागूही नये.

उधारीबद्दल एका वाक्यात : मटण शिजलं की उधारी विसरली जाते. म्हणून नोव्हेंबरातच वाट्यामागे ५०० रुपये विसार घेतो. "आमच्यासाठी ठेव रे" म्हणणारे पहिल्या वर्षी चौदा होते. मी त्यांच्या भरवशावर दिवस ठरवला, तो गुरुवार निघाला. मार्गशीर्षातला. चौदातले नऊ जण हात जोडून म्हणाले, घरात घट बसलाय. चूक त्यांची नव्हती. पंचांग न बघता डुक्कर कापणारा मी. आता विसार आला तरच नाव यादीत जातं.

पंचांगाचा हा विषय भावाइतकाच महत्त्वाचा आहे. आमच्याकडची गिऱ्हाइकं दोन कॅलेंडरांवर चालतात. ख्रिस्ती घरांना नाताळ, कार्निव्हल आणि ईस्टर हवा. मधल्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मागणी बसते. हिंदू मित्रांत पोर्क खाणारे थोडे, त्यांतले बरेच श्रावण पाळतात, काही मार्गशीर्षही, आणि सोमवार, गुरुवार, संकष्टी आहेतच. दोघांना चालतील असे दिवस वर्षात मोजकेच निघतात. एक डुक्कर मी नाताळाआधीच्या शनिवारी काढतो. दुसरं मुद्दाम कार्निव्हलआधीच्या रविवारापर्यंत ठेवतो. तोवर ते आणखी खातं आणि आणखी चरबी धरतं. त्याचा हिशेब वहीत वेगळ्या पानावर.

डोकं आणि कलेजी वाट्यात धरायची नाहीत. त्यांची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. सोरपोतेल करणाऱ्या घरात डोक्याचं मटण, कलेजी, हृदय यांना मांडीपेक्षा मान असतो. सहा किलोचं डोकं १५० ने ९०० रुपये देतं, अडीच किलो कलेजी-हृदय २५० ने ६२५. दहा वाट्यांचे १९,००० धरून हातात २०,५२५ आले. पदरचा रोख खर्च १४,९७० वजा जाता उरले ५,५५५. ९५ तासांनी भागा : तासाला अठ्ठावन्न रुपये काही पैसे. म्हणजे मागितलेली मजुरीसुद्धा पुरती सुटली नाही. नफा कुठे गेला? तो आमच्या फ्रीजरमध्ये आहे. साडेनऊ किलो मटण आणि चार पाय घरी राहिले. ते वहीत ३८० नेच लिहायचे, पाय सोडून ३,६१० रुपये. घरी खाल्लेलं फुकट धरलं की हा धंदा तोट्यातला दिसतो, आणि धरलं नाही की बायको विचारते, मग इतकी वर्षं आपण कोणाचं जेवतोय?

वजनावरून होणारी भांडणं टाळायची तर एक गोष्ट आधीच सांगून टाकावी. ताजं मटण पाणी सोडतं. पहाटे पाच किलो मोजून दिलेली पिशवी दुसऱ्या दिवशी घरच्या काट्यावर चार किलो नऊशेपर्यंत दिसू शकते. एका मित्राने मला काट्याचा फोटोच पाठवला होता. माझा काटा वैधमापनचा शिक्का मारून आणलेला आहे, दर वर्षी आणतो, म्हणून मी निवांत होतो. शिक्का नसता तर मैत्री गेली असती.

आणि आता परवान्यांचं, जे कोणालाच वाचायला आवडत नाही. आपण आपल्या घरी खाणं वेगळं. पैसे घेतले, मग ते मित्राकडून का असेनात, की तो अन्न व्यवसाय झाला आणि २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ग्रामपंचायतीला कळवावं, पशुवैद्यकाकडून जनावर आधी तपासून घ्यावं. नगरपालिकेच्या हद्दीत राहत असाल तर वाट्यांची पडवी विसरा : २००१ च्या कत्तलखाना नियमांप्रमाणे तिथे मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापताच येत नाही. मटणात तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढरट गाठी दिसल्या तर ते पट्टकृमीचे कोष असतात. सगळं पुरायचं, विसार परत करायचा. माणसाच्या मेंदूपर्यंत जाणारा आजार आहे हा, तिथे हिशेब चालत नाही.

हॉटेलातलं उरलेलं अन्न घालून खाद्याचा खर्च अर्धा करता येतो, असं सुचवणारी पत्रं आली आहेत. येतो. पण २०२० साली आसाम आणि अरुणाचलात आलेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर पसरवणाऱ्या वाटांत न उकळलेलं खरकटं ही एक मोठी वाट आहे. माणसाला तो होत नाही, डुकराला मात्र वाचवत नाही. मासळीबाजारातली डोकी आणि आतडी स्वस्त मिळतात, तीही शेवटचे दोन महिने बंद ठेवा. नाहीतर मटणाला बांगड्याचा वास येतो.

वासावरून आठवलं. दुसऱ्या वर्षी घेतलेला एक नर खच्ची केलेला आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं. मी शब्दावर विसंबलो, आणि नंतर दिसत असूनही कानाडोळा केला. कच्च्या मटणात काही कळलं नाही. दुपारी घराघरांत कढया तापल्या आणि फोन यायला लागले. तो उग्र दर्प सगळ्यांना सारखा जाणवत नाही. निम्म्यांना जेवण छान वाटलं, निम्म्यांनी भांडं अंगणात नेलं. मी दहाच्या दहा वाट्यांचे पैसे परत केले, ज्यांना आवडलं होतं त्यांचेही. १९,००० रुपये. त्यांतल्या नऊ जणांनी पुढच्या वर्षी विसार पहिल्याच आठवड्यात दिला. दहावा आता शाकाहारी झालाय, पण त्याचं कारण डॉक्टर सांगतात, मी नाही.

भाव वाढवायचा तर तो कधी सांगायचा, एवढंच राहिलं. डिसेंबरात नाही. पिल्लं आली त्याच दिवशी, जूनमध्ये. यंदा कणी महागली म्हणून वाटा २,००० चा केला आणि पिल्लं उतरवताना जमलेल्यांनाच ते सांगितलं. कोणी तरी म्हणालं, गेल्या वर्षी तर एकोणीसशेच होते. मावशी कुंपणापलीकडून ऐकत होत्या. त्यांनी पिल्लांकडे पाहिलं, एकाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "दोन हजार तर दोन हजार. माझ्या वाट्यात चरबी बरी घाल मगे."