वनराई बंधारा

सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूने भरून, ती ओढ्याच्या पात्रात आडवी रचून केलेला हंगामी बांध म्हणजे वनराई बंधारा. त्याला पाया खणावा लागत नाही, सिमेंट-लोखंड लागत नाही, ठेकेदारही लागत नाही. पाऊस सरल्यावर तो उभा राहतो, काही महिने पाणी धरतो आणि पुढच्या पावसापूर्वी त्याचे काम संपते. सिंधुदुर्गात जिल्हा परिषद दर वर्षी तालुका आणि ग्रामपंचायतवार अशा बंधाऱ्यांचे उद्दिष्ट ठरवते, कृषी विभाग जागा व रचनेबाबत मार्गदर्शन करतो आणि प्रत्यक्ष काम श्रमदानातून होते. त्या श्रमदानात गावकऱ्यांच्या जोडीला महाविद्यालयीन मुलामुलींचा वाटा मोठा असतो.

या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरीही मार्च-एप्रिलमध्ये वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. यामागचे कारण जमिनीच्या ठेवणीत आहे. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांच्यामधली पट्टी अरुंद असल्याने नद्या आखूड आणि उताराच्या आहेत. गड नदी सह्याद्रीतून निघते, कणकवलीवरून मसुऱ्याकडे येते आणि कालावल खाडीतून तळाशील व सर्जेकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. कर्ली नदी कुडाळ तालुक्यातून येऊन देवबाग आणि भोगवे यांच्यामध्ये समुद्राला मिळते. आषाढात डोंगरावर पडलेले पाणी समुद्रात पोहोचायला फार वेळ घेत नाही. त्यात इथला जांभा दगड सच्छिद्र आहे. पावसात तो भरपूर पाणी पितो, पण ते फार काळ धरून ठेवत नाही. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, मुरलेले पाणी झऱ्यांच्या रूपाने व्हाळात (ओढ्यात) उतरते आणि वाहून जाते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात झऱ्यांचे जे पाणी व्हाळांतून खळाळत असते, तेच अडवण्यासारखे असते. पावसाळ्यातला लोंढा पोत्यांच्या बांधाने अडत नाही आणि अडवायचाही नसतो.

पाणी अडवण्याची ही रीत कोकणाला नवी नाही. भातकापणी उरकली की शेतकरी दगड, चिकणमाती आणि झाडांची टाळ घालून व्हाळ बांधत, पाटाने पाणी मळ्यात घेत आणि त्यावर वायंगणी म्हणजे पावसाळ्यानंतरचे भात, भाजीपाला, मिरची पिकवत. बांध घालण्याचे काम पाण्याचा वाटा असलेल्या सर्व घरांचे असे. ज्याचा मळा त्या पाण्यावर, त्याच्या घरचा माणूस त्या दिवशी व्हाळात उतरायचा. मोठ्या प्रमाणावरचे कामही याच भूमीत झालेले आहे. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव 1530 साली नागेश देसाई यांनी बांधला, असे सांगितले जाते. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत मातीचा बांध घालून अडवलेले ते पाणी आजही उपयोगात आहे. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने 2020 साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला.

वायंगणाची शेती कमी झाली तसे बांधही कमी झाले. त्याला पाणीटंचाईपेक्षा माणसांची टंचाई जास्त कारणीभूत आहे. घरटी एक तरी माणूस मुंबईला, आणि तो चाकरमानी गावी येणार गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. बांध घालायचा हंगाम नेमका या तिन्ही वेळा सोडून येतो. गावात उरलेल्या वयस्क माणसांना दगड-मातीचा बांध घालणे झेपत नाही. पोत्यांच्या बांधाने ही अडचण निम्मी दूर केली. दगड बसवायला कसब लागते, पोते रचायला शिकलेला गवंडी लागत नाही. दोन धडधाकट हात आणि सांगणारे एक माणूस एवढे पुरते. या पद्धतीला जे नाव मिळाले ते ‘वनराई’ या संस्थेचे. मूळचे महाडजवळच्या नाते गावचे डॉ. मोहन धारिया यांनी 1980च्या दशकात ती स्थापन केली आणि लोकसहभागातून बांधलेल्या अशा बंधाऱ्यांचा महाराष्ट्रभर प्रसार केला.

बंधाऱ्याचे यश बरेचसे जागेवर ठरते. पात्र अरुंद हवे, साधारण पाच ते दहा मीटर. दोन्ही काठ बंधाऱ्याच्या उंचीपेक्षा वर आणि घट्ट हवेत, नाहीतर पाणी बाजूने काठ कातरून निघून जाते. तळाला कातळ किंवा कठीण थर असेल तर गळती कमी होते. सर्वांत महत्त्वाचा असतो तळाचा उतार. आठ मीटर रुंदीच्या व्हाळावर एक मीटर उंचीचा बांध घातला आणि तळाचा उतार शंभराला एक असला, तर पाणी शंभर मीटर मागे फुगते आणि सुमारे चारशे घनमीटर, म्हणजे चार लाख लिटर साठते. उतार शंभराला तीन असला की तेवढ्याच पोत्यांत आणि तेवढ्याच मेहनतीत साठा एक तृतीयांशावर येतो. हा हिशेब न करता रस्त्याजवळची, फोटोला सोयीची जागा निवडली की चांगले श्रम फुकट जातात. गावातल्या जुन्या माणसांना विचारले तर पूर्वी बांध कुठे पडत असे ते ती अचूक दाखवतात. त्या जागा पिढ्यान्‌पिढ्या पारखलेल्या असल्याने आखणीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

वरच्या उदाहरणातल्या बंधाऱ्याला तळाशी दीड मीटर आणि माथ्याला पाऊण मीटर जाडी दिली, तर साधारण नऊ घनमीटर भराव लागतो. पोते दोन तृतीयांश भरायचे असते. गच्च भरलेले पोते गोल होते, शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही आणि फटींतून पाणी निसटते. असे अर्धवट भरलेले पोते पंचवीस-एक लिटरचे असते; म्हणजे साडेतीनशेच्या आसपास पोती. प्रत्येकाचे वजन चाळीस किलोच्या घरात, एकूण चौदा टन. भराव शक्यतो त्याच पात्रात साचलेल्या गाळा-वाळूचा घ्यावा. काठ खणून माती घेतली तर पुढच्या पावसात तो काठच ढासळतो.

पोत्यांची तोंडे दाभण-सुतळीने शिवतात. तळातला पालापाचोळा आणि सुटे गोटे काढून पहिला थर घट्ट बसवतात. वरचा प्रत्येक थर भिंतीच्या विटांप्रमाणे सांधे चुकवून येतो, पोत्यांची शिवलेली तोंडे आतल्या बाजूला ठेवतात आणि पाण्याच्या बाजूने चिकणमाती लिंपतात. माथ्यावर मधला भाग चार-सहा बोटे खाली ठेवतात, तो सांडवा. जादा पाणी तिथून पुढे जाते. सांडवा ठेवला नाही तर पाणी काठावरून वाट काढते, आणि बहुतेक बंधारे फुटतात ते मधून नव्हे, कडेने.

आता वेळेचा प्रश्न. परतीचा पाऊस संपण्याआधी बंधारा घातला तर एका रात्रीत वाहून जाऊ शकतो. 2019च्या ऑक्टोबर अखेरीस क्यार चक्रीवादळाच्या पावसाने कापणीला आलेले भात भिजवले, तेव्हा कोकणपट्टीला याची पुन्हा आठवण झाली. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही, कारण जानेवारीत अनेक व्हाळ बारीक धारेवर आलेले असतात. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा शेवट हा खरा हंगाम, आणि त्यातच भातकापणी, झोडणी आणि दिवाळी येते. गावाला हात मोकळे नसतात, म्हणून बाहेरून येणाऱ्या तरुण पथकांची गरज पडते.

ही पथके मुख्यतः राष्ट्रीय सेवा योजनेची असतात. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतल्या सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास काम करायचे आणि सात दिवसांच्या एका निवासी शिबिरात भाग घ्यायचा, अशी तिची रचना आहे. शंभर विद्यार्थ्यांच्या एका पथकामागे एक प्राध्यापक कार्यक्रम अधिकारी म्हणून असतो. शिबिराला त्यातले पन्नास जातात. मालवणचे स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, कुडाळचे संत राऊळ महाराज महाविद्यालय, वेंगुर्ल्याचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय अशा महाविद्यालयांतून मुले गावात उतरतात. तरुणांकडून अशा कामाचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. 1933 ते 1942 या मंदीच्या आणि युद्धाच्या वर्षांत तिथल्या सरकारी संवर्धन दलात सुमारे तीस लाख तरुणांनी झाडे लावली, माती अडवली, बांध घातले. त्यांना महिन्याला तीस डॉलर मिळत आणि त्यांतले पंचवीस घरी पाठवले जात. मनिऑर्डरीवर जगलेल्या कोकणाला ही व्यवस्था परकी वाटू नये. सेवा योजनेत पगार नाही, आणि काम वर्षभराचे नसून काही दिवसांचे आहे. त्यामुळे त्या थोड्या दिवसांची आखणी फार काटेकोर करावी लागते.

इथे एक जुनी विसंगती आहे. निवासी शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी असते. बंधाऱ्याचा हंगाम तोवर उलटत आलेला असतो. यावर मार्ग म्हणजे बंधारे नोव्हेंबरमधल्या एकेका दिवसाच्या श्रमदानात घालायचे आणि शिबिराचे सात दिवस त्याच व्हाळावर पुढच्या कामांना द्यायचे: गळती बुजवणे, खालच्या अंगाला दुसरा बांध घालणे, पाट साफ करणे, काठच्या विहिरींची पाणीपातळी मोजून नोंदवणे. शिबिरातच बंधारा पूर्ण झाला पाहिजे हा आग्रह पाण्याच्या दृष्टीने चुकीचा आहे.

पन्नास मुलांकडून साडेतीनशे पोती एका दिवसात रचून घेणे शक्य असते, पण कामाची वाटणी नीट हवी. आदल्या दिवशी पोती, सुतळी, दाभण, घमेली, फावडी, टिकाव, पहारी जागेवर पोहोचलेल्या असाव्या लागतात. दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा पोती कमी पडल्याने. भरणाऱ्यांच्या जोड्या असतात. एकाने पोते धरायचे, दुसऱ्याने फावडे मारायचे. शिवणारे चार-पाच पुरतात. सर्वांत जास्त माणसे वाहण्याला लागतात. भरलेले पोते एकट्याने पाठीवर घेण्यापेक्षा साखळी करून हातोहात पुढे देणे सोपे आणि सुरक्षित. रचणारे मात्र थोडे आणि तेच ते असावेत, कारण थराला थर कसा बसतो हे दोन थरांनंतर त्यांच्या हातांना कळते. गावातले एखादे अनुभवी माणूस व्हाळात उभे राहून सांगत असेल तर काम पुन्हा करावे लागत नाही. दर तासाला टोळ्यांची अदलाबदल केली की भरणारे कंटाळत नाहीत आणि वाहणारे थकत नाहीत. मुलींना जेवणाच्या कामाला आणि मुलांना पोत्यांना लावण्याची सवय काही ठिकाणी अजून दिसते. ती मोडायला हवी. सकाळी पेज, दुपारी भात, उसळ किंवा आमटी ही व्यवस्था गाव आनंदाने करतो, आणि त्या पंगतीतच गावकऱ्यांशी बोलणे होते. बंधारा पुढे राखायचा आहे तो गावकऱ्यांनी, म्हणून हे बोलणे कामाचाच भाग आहे.

आरोग्याची काळजी या जिल्ह्यात वेगळी घ्यावी लागते. साचलेल्या पाण्यातून आणि शेतातल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होते. पायाला जखम असलेल्या मुलाने पाण्यात उतरू नये, गमबूट घालावेत, काम झाल्यावर हातपाय साबणाने धुवावेत आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नये. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा रोग गोचिडीच्या चाव्याने पसरतो आणि त्याचा काळ साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे शिबिरांचाच. रानातल्या व्हाळावर काम असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, गोचीडरोधक तेल आणि परतल्यावर अंगाची तपासणी आवश्यक आहे. मेलेले माकड दिसल्यास त्याच्या जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे असते.

अडवलेल्या पाण्याचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. काठचे शेतकरी कुळीथ, चवळी, भुईमूग, कलिंगड, पालेभाजी करतात आणि गुरांना पाणी मिळते. दुसरा उपयोग डोळ्यांना दिसत नाही, पण तो मोठा आहे. अनेक गावांच्या नळपाणी योजनेची विहीर व्हाळाच्या किंवा नदीच्या काठीच असते, आणि पात्रात पाणी उभे राहिले की त्या विहिरीची पातळी टिकते. म्हणून नळपाणी विहिरीच्या थोड्या खालच्या अंगाला घातलेला एक बंधारा रानातल्या तीन बंधाऱ्यांपेक्षा गावाला जास्त उपयोगी पडतो.

मालवण किनाऱ्याचा संबंध इथे येतो. उन्हाळ्यात नदीचे गोडे पाणी घटले की भरतीचे खारे पाणी खाडीतून आत चढते. मसुरे, बांदिवडे, देवबाग अशा खाडीकाठच्या गावांत विहिरी मचूळ होण्याचा धोका असतो. भातशेती वाचवण्यासाठी खाडीकाठी खारबांध घातलेले असतात आणि त्यांना ओहोटीच्या वेळी आतले पाणी बाहेर सोडणाऱ्या, भरतीला मिटणाऱ्या उघाड्या असतात. वरच्या अंगाच्या व्हाळांत पाणी मुरून हळूहळू झिरपत राहिले तर खालच्या नदीला उशिरापर्यंत गोडे पाणी मिळते. पण सांडवा न ठेवता प्रत्येक व्हाळ कोरडा बांधून टाकला तर खालच्या गावाचे नुकसान होते. व्हाळाचे नियोजन म्हणूनच उगमापासून खाडीपर्यंत एकत्र व्हायला हवे. ग्रामपंचायतीच्या हद्दीवर ते थांबवता येत नाही.

हंगामी बांधाचा एक फायदा पक्क्या बांधाला नाही. पहिल्या मोठ्या पावसात खाडीतले आणि नदीतले मासे अंडी घालायला वरच्या व्हाळांत, शेतांत चढतात. हे चढणीचे मासे कोकणात सर्वांच्या परिचयाचे आहेत. उंच पक्का बंधारा त्यांची वाट अडवतो. पोत्यांचा बांध तोवर काढून झालेला असतो.

काढून झालेला असतो, ही अट मात्र क्वचित पाळली जाते. सिमेंटची पोती आता प्लॅस्टिकच्या विणीची असतात. सहा महिने उन्हात राहिल्यावर त्यांचे धागे सुटतात. बांध तसाच सोडला तर जूनच्या पहिल्या लोंढ्याबरोबर शेकडो पोत्यांच्या चिंध्या खाडीत आणि तिथून मालवणच्या समुद्रात जातात. या समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत हेच प्लॅस्टिक अडकते. मेच्या अखेरीस पोती उघडून माती काठाला टाकणे, धड पोती धुऊन वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवणे आणि फाटकी पोती कचरा संकलनाला देणे हे काम बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे. त्याचा समारंभ होत नाही आणि महाविद्यालयांना तेव्हा सुट्टी असते. त्यासाठी बंधारा घालतानाच तो कोण काढणार हे ठरवून ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवणे उपयोगी पडते. मे महिन्यात गावी आलेल्या चाकरमान्यांच्या पोरांवर हे काम सोपवणेही शक्य आहे. तेव्हा गावात हात भरपूर असतात, पाणी आटलेले असते आणि एका सकाळीत पोती बाहेर निघतात.