वेगाची उमर किती तासांची?

"गाडी घेऊन पंधरा वर्षे झाली, पण अजून इंजिन उघडावे लागले नाही!" असे अभिमानाने सांगणारे एखादे काका प्रत्येकाच्या नात्यात असतातच. गाडीचे वय आपण वर्षांनी मोजतो. पण पाण्यावर वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या नौकेच्या मालकाला विचारा. तो वर्षे सांगणार नाही, तास सांगेल. त्याच्यासमोर एक लहानसे यंत्र बसवलेले असते. इंजिन आजवर किती तास चालले एवढेच ते दाखवते, आणि तो आकडा वाढू लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अशा संथ नौकेचे डिझेल इंजिन नीट राखले तर मोठे काम न काढता पाच हजार तास आणि त्याहूनही अधिक चालू शकते. सहलीच्या साध्या पेट्रोल नौकेचे इंजिन हजार-दीड हजार तास टिकते. ताकद वाढवलेल्या वेगवान नौकेत मात्र हा आकडा काही शेकड्यांवर येतो. दाबाने जादा हवा कोंबून हजार अश्वशक्तीच्या पुढे नेलेले इंजिन तर शंभर-दीडशे तासांतच खोलावे लागते. अस्सल शर्यतीच्या इंजिनाची गोष्ट आणखी निराळी. आज धावले की उद्या मिस्त्रीच्या हाती!

असे का व्हावे? मोटार एकदा वेगात आली की सपाट रस्त्यावर तिला फारशी ताकद लागत नाही. नौकेचे तसे नाही. पाणी तिला क्षणोक्षणी मागे ओढत असते. म्हणजे जणू सारा प्रवास घाट चढण्याचाच. त्यात लाटेवरून नौका उसळली की पंखा पाण्याबाहेर येतो, ओझे नाहीसे होते आणि इंजिन एकदम पिसाटते. पुढच्याच क्षणी पंखा पाण्यात आपटतो आणि सारा भार पुन्हा अंगावर येतो. हे धक्के दांडे, बेअरिंगे आणि व्हाल्व्हच्या स्प्रिंगा सोसतात. समुद्राचे खारे पाणी गंजवते ते वेगळेच.

या खेळाची सर्वांत विलक्षण कथा रोल्स-रॉईस कंपनीच्या 'आर' इंजिनाची. हे मुळात विमानाचे इंजिन. इंग्लंडने १९२९ आणि १९३१ च्या श्नायडर चषकाच्या विमान शर्यतींसाठी ते घडवले. बारा सिलिंडरांचे हे धूड १९३१ पर्यंत दोन हजार तीनशे अश्वशक्तीच्या आसपास पोहोचले. पण पूर्ण ताकदीने ते सलग किती चालावे, अशी अपेक्षा होती? फक्त एक तास! तेवढा एक तास गाठण्यासाठी डर्बीच्या कारखान्यात किती दांडे तुटले आणि किती व्हाल्व्ह जळाले!

१९२९ च्या शर्यतीच्या आदल्या रात्री एका विमानाच्या प्लगवर धातूचा बारीक कण दिसला. पिस्टन खराब होत असल्याची ती खूण. नियमाप्रमाणे इंजिन बदलता येत नव्हते, सुटे भाग मात्र बदलता येत होते. नशिबाने डर्बीचे काही कारागीर शर्यत पाहायला आले होते आणि साउदॅम्प्टनच्या हॉटेलांत झोपले होते. त्यांना उठवून आणले गेले. रातोरात सहा सिलिंडरांची एक बाजू बदलली गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच विमानाने ताशी ५२९ किलोमीटर वेगाने शर्यत जिंकली.

हीच जातीची दोन इंजिने 'मिस इंग्लंड दुसरी' या नौकेत बसवली गेली. १३ जून १९३० रोजी विंडरमियर सरोवरावर सर हेन्री सीग्रेव्ह यांनी ताशी सुमारे १५९ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच फेरीत नौका उलटली. तरंगते लाकूड आदळले असावे असे म्हणतात. रोल्स-रॉईसचे इंजिनियर हॅलिवेल जागीच गेले, सीग्रेव्ह काही वेळाने गेले. नौका तळातून वर काढण्यात आली, दुरुस्त झाली, आणि १९३१ मध्ये के डॉन यांनी तिच्यातूनच नवे विक्रम केले.

'आर' जातीच्याच इंजिनावर माल्कम कॅम्बेल यांच्या 'ब्लू बर्ड' नौकेने १९३९ साली कॉनिस्टन सरोवरावर ताशी २२८ किलोमीटरचा पल्ला गाठला. तासाभराच्या झुंजीसाठी जन्मलेली ही जात दहा वर्षे विक्रम करत राहिली, ती पुन्हा पुन्हा खोलली आणि पुन्हा पुन्हा बांधली गेली म्हणून.

महायुद्धानंतर अमेरिकेत लढाऊ विमानांची उरलेली इंजिने शर्यतीच्या नौकांत बसू लागली. १९५० मध्ये सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन सरोवरावर 'स्लो-मो-शन चौथी'ने असल्याच ॲलिसन इंजिनावर ताशी २५८ किलोमीटरचा विक्रम केला. पुढे हेलिकॉप्टरच्या टर्बाइनने त्यांची जागा घेतली. आज त्या वर्गातील बहुतेक नौका टर्बाइनवरच धावतात.

जाणता मालक इंजिन मोडण्याची वाट पाहत नाही. तेल वेळेवर बदलतो, जुन्या तेलात धातूची चमक दिसते का ते पाहतो, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो. एकाचा दाब इतरांहून उतरला की खुशाल काम काढतो. वेळेवर बदललेली रिंग स्वस्त पडते. तुटलेला दांडा इंजिनाचे पोट फाडून बाहेर येतो, आणि तोही भर पाण्यात, काठापासून दूर.

तेव्हा आपल्या काकांनीही फार फुशारकी मारू नये! वेग हवा असेल तर त्याची किंमत तासांनी मोजावी लागते, आणि ती वेळीच मोजावी. विंडरमियरच्या तळातून काढलेली नौका पुन्हा बांधता आली. तिच्यातली दोन माणसे मात्र परत आली नाहीत.